माझ्या बुडाशी चुना

मी एक जुने मोसंबीचे झाड आहे, पण मित्रांनो, मला नुसते जुने म्हणू नका. वडवणीच्या बाजारात मदिनाबी टोपलीत सगळ्यात वर जे फळ मांडते, ते माझे असते.

छबुबाईने मला घराजवळ लावले. वीस वर्षे मी एकही बहर चुकवला नाही. मग कोवळी पाने पिवळी येऊ लागली, फळे सुपारीएवढी होऊन गळू लागली. तिच्या नवऱ्याने, रामकिसनने, युरिया दिला, पुन्हा दिला. पिवळेपणा वाढतच गेला.

"एवढा बहर बघतो, मंग कुऱ्हाड," तो म्हणाला.

"कावीळ झाली तवा तुमीबी पिवळे पडला होता. म्या कुऱ्हाड काढली का?" छबुबाई म्हणाली. पण माझ्या खोडावरचा तिचा हात हलेना.

मदिनाबी फळे बघायला आली. तिच्या माहेरी मोसंबीची बाग होती. तिने एक पान उन्हात धरले.

"शिरा हिरव्या, मधी पिवळं. तेबी कवळंच पान. छबुबाई, हे उपाशी न्हाई. म्होरं ताट हाय, पर खाता येईना. बुडाला काय टाकता?"

"काय न्हाई ओ भाबी. दिवाळीला घर रंगवून उरलेला चुना तेवढा. वाळवी लागू नये म्हणून."

"किती सालं?"

"धा-बारा."

"अन् मला इचारता, कावून पिवळं पडलं!"

छबुबाईचा चेहरा उतरला. मायेने दिलेलेच मला बाधले होते. जमिनीत लोह होते, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नव्हते. दुसऱ्याच दिवशी तिने पांढरी माती खरवडून काढली, शेणखतात गंधक मिसळून घातले आणि मदिनाबीने सांगितले तेवढेच लोहयुक्त हिराकस पाण्यात विरघळवून पानांवर फवारले.

मीही कसर ठेवली नाही. महिनाभरात शेंडे हिरवेगार झाले. त्या बहराला फांद्यांना टेकू द्यावे लागले. टेकूचे बांबू तोडायला रामकिसनने तीच कुऱ्हाड घेतली.

दिवाळीला घर रंगवून झाले. छबुबाई चुन्याची बादली घेऊन निघाली आणि सवयीने तिचे पाय माझ्याकडे वळले.

"अगं ए, तिकडं कुठं!" रामकिसन धावत आला आणि माझ्यापुढे हात पसरून उभा राहिला.

मित्रांनो, झाड पिवळे पडले तर आणखी काही घालण्याआधी आजवर काय घातले ते आठवा. पान हातात घ्या, शिरा बघा. एवढे करा, बाकीचे आमच्यावर सोडा. टोपलीत वरची जागा कशी मिळवायची, ते मला चांगले ठाऊक आहे.