तिसरा पॅरामीटर

माझा धाकटा भाऊ प्रोग्रामर आणि मी फार्मासिस्ट. दोघंही एकाच हॉस्पिटलात, त्यामुळे भांडायला आम्हाला निमित्त शोधावं लागत नाही.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांना शिरेतून जे पोषण देतात, त्याच्या पिशव्या मी भरते. कशात काय किती घालायचं, ते माझी एक्सेलची शीट सांगते. तिच्यातला मॅक्रो मीच लिहिलाय. त्याला बाळाचं वजन आणि वय दिलं की तो हिशेब करतो. वजन कालच्यापेक्षा फार वेगळं असलं तर मध्येच एक चौकट उघडून विचारतो, 'पुन्हा वजन केलं का?' उत्तर मिळेपर्यंत जागचा हलत नाही. माझ्यावरच गेलाय मेला.

मग भावाने वॉर्डासाठी प्रोग्राम केला. वर सिस्टर वजन टाकतात, प्रोग्राम माझी शीट पडद्याआड उघडतो, आकडे मॅक्रोच्या हाती देतो आणि माझ्या टेबलावर लेबल छापून येतं. झकास! पण शीट पडद्याआड म्हणजे तो प्रश्नही पडद्याआड. तो दिसणार कुणाला, कपाळ? मॅक्रो उत्तराची वाट बघत बसायचा आणि सगळं ठप्प. भावाने तोडगा काढला. मॅक्रोला आता तीन पॅरामीटर द्यायचे: वजन, वय आणि तिसरा, प्रश्न विचारायचा की नाही. प्रोग्राम कायम 'नाही' पाठवणार. मी आकाशपाताळ एक केलं. "ताई, तपासायला सिस्टर आहेत ना वर," तो म्हणाला. आमच्या साहेबांनी मान डोलावली. माझं कोण ऐकतंय!

गेल्या आठवड्यात त्याचीच मुलगी दोन महिने आधी जन्मली. सात नंबरच्या पाळण्यात आहे, एवढीशी.

आज सकाळी पाच बाळांची लेबलं आली, पिशव्या भरून वर गेल्या. सातचं लेबल काही येईना. वरून फोन आला, तिची पिशवी संपत आलीय, उशीर झाला तर साखर उतरेल. पाठोपाठ भाऊ धावत खाली आला.

"ताई, तुझा मॅक्रो अडकलाय."

"माझा मॅक्रो फक्त प्रश्न विचारताना अडकतो. आणि त्याचं तोंड तू कधीच बांधलंयस."

एरवी शेवटचा शब्द त्याचाच असतो. आज त्याने सरळ माझा कीबोर्ड ओढला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

अडकलेलं एक्सेल बंद करून त्याने प्रोग्राम पुन्हा चालवला, या वेळी शीट दिसेल असा. चौकट समोर आली. 'वजन कालच्यापेक्षा ऐंशी ग्रॅमने जास्त. पुन्हा वजन केलं का?'

"वाढली असेल," तो म्हणाला. "ताई, वाढली असेल ना गं?" बाण 'हो'वर गेलासुद्धा.

"एका रात्रीत? खुळा की काय तू! हात काढ."

मी वर फोन लावला. सिस्टर वैतागल्या. "अहो, आत्ताच तर केलं."

"पुन्हा करा. मी फोन धरून आहे."

पलीकडून यंत्रांची टुकटुक ऐकू येत होती. भाऊ माझ्या खुर्चीची पाठ धरून उभा होता. माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून मी भिंतीकडे बघत होते.

"हातातली सुई हलू नये म्हणून फळी बांधलीय," सिस्टरांचा आवाज उतरला होता. "ती वजा करायची राहिली. शिवाय डायपर ओला होता. वजन कालच्याइतकंच आहे."

भावाने 'नाही' दाबून चुकीचा आकडा रद्द केला, खरं वजन टाकलं. लेबल आलं, मी पिशवी भरली, ती वर गेली. मग तो टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडला. "वाचली गं, ताई." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि फिरवता फिरवता थांबले. प्रोग्राम तर 'नाही' पाठवतो. मग प्रश्न आला कुठून?

स्क्रीनवर प्रोग्राम उघडाच होता. त्यात एक नवी ओळ होती. पाळणा सात असेल तर विचार, नाहीतर नको.

"हे कधी घातलंस?"

"ती आत आली त्या दिवशी."

"आणि बाकीच्यांना बाप नाहीत का रे?"

तो मान वर करेना. "सगळ्यांसाठी चालू केलं असतं तर काम सारखं अडलं असतं. एकीचं मी निस्तरलं असतं."

कानफटात द्यावीशी वाटली. पण सकाळच्या पाच पिशव्या वर गेल्या होत्या. मी पुन्हा फोन उचलला. "सिस्टर, पाचही पिशव्या थांबवा, तोवर नुसतं ग्लुकोज चालू ठेवा. सगळ्या बाळांची वजनं पुन्हा करा."

"अहो, त्या लावून झाल्या."

"बंद करा म्हणते ना!"

तोवर भावाने ती ओळ पुसली होती. सकाळचे आकडे तो एकेक करून मॅक्रोला देत होता, तिसऱ्या जागी 'हो' लिहून. पहिलं बाळ सरळ गेलं, दुसरंही. तिसऱ्याला चौकट उघडली.

त्याने माउसवरचा हात काढला.

"ताई," तो म्हणाला, "याचा बाप रोज वॉर्डाबाहेर माझ्याच बाकावर बसतो गं."