पायी फेरी

"उतर की, राजनंदिनी. हलगीवाले खोळंबलेत," विजयसिंह जीपच्या दाराशी वाकून पुटपुटला. गर्दीसाठी धरलेलं हसू त्याने ढळू दिलं नव्हतं.

नवऱ्याकडे न बघता तिने पाय खाली सोडले. गुडघ्यांत रात्रभर साचलेला दाह अजून निवला नव्हता. उन्हं चढेपर्यंत देहावर त्याचीच मालकी असे.

संधिवात नवा होता, तेव्हा लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "शरीराची आग शरीरालाच लागली आहे. गोळ्या ती दाबतील. पण रोज चाला. चालण्यानेही ती शमते. बसून राहिलात, तर सांधे धरतील."

ती पहाटे शेतरस्त्याने चालू लागली. महिन्याभरात अंग हलकं झालं. एकदा मोसंबीच्या बागेपाशी तिला पळावंसंही वाटलं. दुसऱ्याच दिवशी मागून तिला परत न्यायला घरची गाडी आली, बैलाच्या चालीने, दार उघडं ठेवून.

सासूबाई, सुभद्राबाई, ओसरीवर उभ्या होत्या. "पाटलाची सून रस्त्यानं पायी? लोकं म्हनतील, घरातून काढून दिली का काय! दुखतंय तर पडून ऱ्हा की माय. तुला काम कोन सांगतंय?"

त्या बोलण्यात माया होती. ती पडून राहिली. वर्षं गेली.

यंदा पंचायत समितीची जागा महिलांसाठी राखीव झाली, आणि सुनेने निवडणूक लढवावी, मतं मागायला घरोघर पायी जावं, असं त्याच ओसरीवर ठरलं.

सिरसाळ्याजवळच्या या गावात जीपमधून उतरून ती चार घरं चालली. पाचव्या दारात ओवाळायला आलेली सारजाबाई ताट विसरून खाली बघत राहिली.

"अगं माय, पाय लईच सुजलेत की! बस घडीभर."

"नको मावशी. बसूनच असं झालंय."

विजयसिंह जवळ आला. "जीपमधी बस. नुसते हात जोड. फेरी मी नेतो."

"थोडं थांबा ना. चालत ऱ्हायलं की मोकळं हुतंय. मी चालते."

"लोकं थांबत्यात व्हय? अजून धर्मापुरी गाठायचीय."

त्याने हात वर केला. हलगी कडाडली. गर्दी तिच्या दोन्ही अंगांनी पुढे वाहून गेली.

"राजनंदिनीताई आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं!"

घोषणा वळणापलीकडे गेली, विरत गेली. रिकाम्या गल्लीत तिने भिंतीवरचा हात काढला आणि पाऊल उचललं. ते टेकवायला तिला बराच वेळ लागला.