अ‍ॅम्ब्रोजची बेचाळीस मिनिटं

जुन्या रेल्वेशेडमधल्या अकरा जणांत इंजिनाच्या भट्टीत शिरता येईल अशा चणीची एकटी मेव्हिस टर्नॉकच होती. बाकीचे सगळे निवृत्तीनंतर अंगाने सुटलेले. त्यामुळे चार वर्षं ते काम तिच्याकडेच होतं. कोळसा टाकायच्या लंबगोल दारातून आधी डोकं, मग एक खांदा, मग दुसरा, आणि मग ती तांब्याच्या एका छोट्या खोलीत पोचायची. उभं राहता यायचं नाही, पण मांडी घालून बसता यायचं. बाहेरचं बोलणं आत पाण्याखालून आल्यासारखं ऐकू यायचं. दिव्याच्या उजेडात तांबं कुठे गुलाबी, कुठे मोरपिशी दिसायचं. कधीकधी काम संपलं तरी ती उगीच बसून राहायची.

मेव्हिसची हयात स्टोकच्या कपबशांच्या कारखान्यात गेली होती. एकतीस वर्षं तिने एकच काम केलं. भट्टीतून निघालेली बशी उचलायची, हलकेच वाजवायची. खणखणीत वाजली तर पुढे, बद्द वाजली तर बाजूला. निवृत्त झाल्यावर ती उत्तरेला हॅगडेलच्या खोऱ्यात राहायला आली, कारण एकदा सुट्टीत तिथे तिला फार गाढ झोप लागली होती. दुसरं कारण नव्हतं. आल्याच्या पहिल्या हिवाळ्यात ती शेडमध्ये चहा करायला गेली आणि भट्टीत जाऊन बसली.

हॅगडेलची लाईन साठ वर्षांपूर्वी बंद झाली होती. कोल्डबेकपासून डोंगरापलीकडच्या रेवनथ्वेटपर्यंत नऊ मैल, त्यातले दीड मैल रूळ या मंडळींनी आपल्या हातांनी पुन्हा टाकले होते. आणि सत्तेचाळीस नंबरचं काळं, सहा चाकांचं इंजिन भंगारातून आणून चौदा वर्षं त्याच्याशी झटत होते. सगळ्यांच्या पुढे डग्लस पिकर्सगिल. हा पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा आणि अजून सगळ्यांशी तसाच बोलायचा. चौदा सप्टेंबर ही तारीख त्यानेच ठरवली होती. साठ वर्षांपूर्वी त्याच दिवशी शेवटची गाडी गेली होती, आणि ती नेणारा ड्रायव्हर अ‍ॅम्ब्रोज हेसलटाइन अजून हयात होता. एक्याण्णव वर्षांचा. त्या दिवशी सत्तेचाळीस नंबर त्याच्याच हाती द्यायचं होतं.

अ‍ॅम्ब्रोज दर बुधवारी यायचा, शेडच्या दारातल्या खुर्चीत बसायचा आणि सगळ्यांच्या चुका काढायचा. मेव्हिसने त्याला एकदोनदा विचारलं होतं, की आपले दीड मैल संपल्यावर पुढची लाईन कशी होती? त्याचं उत्तर ठरलेलं. सांगून कळण्यातली ती गोष्ट नाही, पोरी. चौसष्टाव्या वर्षी पोरी म्हणणारं कुणी भेटतं याचंच तिला बरं वाटायचं.

तारखेला तीन आठवडे उरले असताना ती शेवटची साफसफाई करायला भट्टीत गेली. भट्टीच्या तांब्याला बाहेरच्या पोलादाशी धरून ठेवणाऱ्या शेकडो आखूड सळया असतात. आतून त्यांची नुसती बोंडं दिसतात. काम झाल्यावर मेव्हिस हातातल्या लहान हातोडीने ती बोंडं वाजवत बसली. तपासणी वगैरे नाही, हाताची सवय. टण, टण, टण. डाव्या कोपऱ्यात खाली आली आणि एक बोंड बद्द वाजलं. त्याच्या शेजारचंही. एकाला एक लागून सात.

तिने पुन्हा वाजवलं. मग हातोडी मांडीवर ठेवली. बाहेर डग्लस पताका कुठून कुठे बांधायच्या ते सांगत होता. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. पायाला मुंग्या आल्या तेव्हा ती बाहेर आली आणि तिने सांगितलं.

"तू बशा वाजवायचीस मेव्हिस," डग्लस म्हणाला. "हे तांबं आहे."

"तांबं असो नाहीतर माती. तडा गेला की बद्दच वाजतं."

डग्लस पुन्हा पताकांकडे वळला. पण संध्याकाळी निरीक्षकाला फोन केला तो त्यानेच. निरीक्षक आला, दोन दिवस तपासत राहिला. सळया तुटल्या होत्याच, पण त्यांच्यामागे तांब्यालाही हातभर चीर गेली होती. आख्खी भट्टी काढून नवी बसवावी लागणार होती. दोन वर्षं तरी. यात विस्तव पेटवला असता तर, असं काहीतरी तो बोलायला लागला आणि वाक्य अर्धवट सोडून त्याने टोपी घातली.

अ‍ॅम्ब्रोजला मेव्हिसने स्वतः सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, बरोबर केलंस म्हणाला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. पुढच्या बुधवारी तो आला नाही. त्याच्या पुतणीकडून कळलं की तो दिवसभर अंथरुणातच असतो. शेडमध्ये मेव्हिसला कुणी वावगा शब्द बोललं नाही. उलट सगळे तिच्याशी इतके जपून वागायला लागले, की तिला एक शिवी ऐकायला मिळाली असती तर बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी ती क्लिफर्ड बॅटीच्या दारात जाऊन उभी राहिली.

क्लिफर्ड खाटिक होता, दुकान मुलीला देऊन मोकळा झालेला. घरामागच्या शेतात त्याने सव्वासात इंच रुंदीची रेल्वे घातली होती. नाशपातीच्या झाडांमधून, तळ्याला वळसा घालून पुन्हा घराशी येणारी. त्याच्या इंजिनाशेजारी उभं राहिलं की ते गुडघ्याला लागायचं. शेडमधली मंडळी त्याला गुडघ्याएवढा स्टेशनमास्तर म्हणायची, आणि तो त्यांना गंजप्रेमी मंडळ. गेल्या वीस वर्षांत दोन्हीकडचं कुणी एकमेकांचा उंबरा चढलं नव्हतं.

चौदा तारखेला अ‍ॅम्ब्रोजसाठी त्याचं इंजिन हवं, असं मेव्हिसने सांगितलं. क्लिफर्डने दाराला टेकून सगळं ऐकलं.

"म्हणजे मोठ्यांचं मोडलं, की खेळणं आठवतं होय?"

"हो," मेव्हिस म्हणाली. "तसंच आहे."

क्लिफर्डने तिला आत घेऊन चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवसापासून इंजिन घासायला घेतलं.

अ‍ॅम्ब्रोजला तयार करणं अवघड गेलं. नव्वदी ओलांडलेल्या माणसाला बाबागाडीत बसवून मिरवायचा बेत आहे का, असं त्याने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं. मेव्हिस पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, तुमच्यासाठी नाही म्हणत. मी या खोऱ्यात आले तेव्हा लाईन नव्हती, रूळ नव्हते, सांगणारे तुम्ही एकटे आणि तुम्ही सांगत नाही. मला बघायची आहे. मग त्याने पुतणीला हाक मारून आपले बूट कुठे आहेत ते विचारलं.

चौदा तारखेला दुपारी चारच्या सुमाराला ओढ्यावरून धुकं वर यायला लागलं होतं. तळ्याच्या पलीकडचं कुंपण दिसेनासं झालेलं. क्लिफर्डचं हिरवं इंजिन वाफ धरून उभं होतं. कोळसा खरा, पाणी खरं, विस्तव खरा. अ‍ॅम्ब्रोज हसेल किंवा चिडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्याने वाकून बॉयलरच्या अंगाला तळहात लावला, वाफेचा काटा बघितला आणि पहिल्या बैठ्या डब्यावर पाय दोन्हीकडे टाकून बसला. फावडं चमच्याएवढं होतं. त्याने नेमक्या जागी तीन चमचे कोळसा टाकला. मागे पुतणी, तिच्या मागे क्लिफर्ड, शेवटी हिरवं निशाण घेऊन मेव्हिस, आणि तिच्या मागे एक डबा रिकामा.

तेवढ्यात शेताच्या फाटकातून डग्लस आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मागे शेडमधले चार जण, प्रत्येकाच्या हातात रेल्वेचा एकेक जुना कंदील. क्लिफर्डकडे न बघता त्याने विचारलं, कुठे उभं राहू? क्लिफर्डने नाशपातीच्या झाडाकडे बोट केलं.

"गार्ड," अ‍ॅम्ब्रोज मान न वळवता म्हणाला, "सुटायचं का?"

मेव्हिसने निशाण दाखवलं.

पहिल्या फेरीत शेत हे शेतच होतं. दुसऱ्या फेरीत अ‍ॅम्ब्रोज बोलायला लागला. मोठ्याने नाही, कामात असलेला माणूस शेजारच्याशी बोलतो तसा. उजवीकडे गिरणी. आता ओढ्यावरचा पूल, इथे चाकांचा आवाज पोकळ होतो. पुढे फाटक, फाटकवाली बहिरी आहे, शिट्टी दोनदा द्यायची. त्याने शिट्टी दोनदा दिली. नाशपातीखाली त्याने गाडी उभी केली, तेव्हा डग्लसने कंदील वर केला आणि वर्गात हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात "हॅगवुड, हॅगवुड" असं स्टेशनचं नाव पुकारलं.

धुकं दाट झालं तसं तळं मोठं झालं. तिसऱ्यांदा त्याच्याकडेने जाताना ते क्लिफर्डचं बदकांचं तळं राहिलं नाही, लाईनकडेचं स्केलचं सरोवर झालं. किती फेऱ्या झाल्या ते पुढे कुणालाच सांगता आलं नाही. हॅगवुड गेलं, स्केल ब्रिज गेलं, लो गार्थला दुधाचे कॅन चढवायला थांबणं झालं. मग चढ लागला. शेत पानासारखं सपाट, पण अ‍ॅम्ब्रोजने वाफेचा दांडा पुरता उघडला, पुढे झुकला, आणि मागचे सगळे आपोआप पुढे झुकले. इंजिन धापा टाकत होतं. मेव्हिसला वाटलं गारवा वाढला, ती कॉलर वर करून बसली.

"बोगदा. डोकी आत घ्या."

फांद्यांखालून जाताना सगळ्यांनी डोकी आत घेतली. खाटकाने, पुतणीने, सगळ्यांनी.

बोगद्याच्या पलीकडे, जिथे कंदील नव्हता, माणूस नव्हतं, तिथे त्याने गाडी थांबवली. इंजिन नुसतं सुस्कारत राहिलं. मेव्हिस आधी गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं की तो गार्डची वाट बघतोय.

"इथे कोण चढतं?" तिने हळूच विचारलं.

"ऑल्डरसनबाई. मॉसगिलची. अंड्यांची टोपली असते, तिला वेळ लागतो."

मेव्हिस थांबली. टोपली आधी वर ठेवायला, मग बाईंना पाय उचलायला, मग बसून कोट सारखा करायला लागेल तेवढा वेळ. धुक्यात काही हललं नाही. तरी आपल्या मागे, शेवटच्या रिकाम्या डब्यावर आता वजन आहे, असं तिला अगदी स्वच्छ वाटलं.

"बसल्या," ती म्हणाली. "सोडा."

रेवनथ्वेटला, म्हणजे क्लिफर्डच्या स्वयंपाकघराच्या दाराशी, गाडी लागली तेव्हा अंधारून येत होतं. वेळापत्रकात प्रवास बेचाळीस मिनिटांचा होता. क्लिफर्डने घड्याळ बघून चव्वेचाळीस झाली म्हणून सांगितलं.

"तुझा कोळसा वाईट आहे," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला.

मग डग्लसने, वीस वर्षांत पहिल्यांदा, क्लिफर्डकडे बघून शब्द काढला: शेडमध्ये चांगला कोळसा पडून आहे, दोन वर्षं कुणाला लागणार नाही, सकाळी आणून टाकतो. अ‍ॅम्ब्रोजला दोघांनी धरून उठवलं. जाता जाता तो मेव्हिससमोर थांबला.

"उद्या सात दहाची, गार्ड. उशीर नको."

तो थट्टा करतोय, की त्याला खरंच तसं वाटतंय, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. रात्रभर विचार करूनही तिला कळलं नाही. शेवटी सकाळी ती कोट चढवून निघाली. शेतात धूर दिसत होता. क्लिफर्ड झोपायच्या कपड्यांतच जळण घालत बसला होता. त्यालाही कळलं नव्हतं, पण विषाची परीक्षा कशाला, असं तो म्हणाला. फाटकापाशी पुतणीची गाडी उभी राहिली आणि अ‍ॅम्ब्रोज उतरला. हातात जेवणाचा डबा होता. दोघं आधीच आलेत हे बघून त्याने नुसती मान हलवली.

बर्फ पडेपर्यंत रोज सकाळी लाईन चालली. डग्लस वही घेऊन बसू लागला. कुठे सिग्नल, कुठे वळण, कुठे गाई आडव्या येतात, सगळं त्याने उतरवून घेतलं. अ‍ॅम्ब्रोज कधी सांगायचा, कधी ओरडायचा, आणि एकदा त्याने लो गार्थला गाडी थांबवून अर्धा तास डुलकी काढली. तेव्हा कुणी त्याला उठवलं नाही.

सत्तेचाळीस नंबरला नवी भट्टी बसायला अडीच वर्षं लागली. पेटवायच्या आधी मेव्हिसने आत बसून एकूण एक सळई वाजवली. बाहेर सगळे श्वास रोखून उभे. अ‍ॅम्ब्रोज तोवर होता. त्याने ते दीड मैल नेलं, नीट नेलं, जिथे रूळ संपतात तिथे हलकेच उभं केलं. लोक रडले, फोटो निघाले. उतरल्यावर तो डग्लसला म्हणाला, इंजिन उत्तम आहे, उणं काढायला जागा नाही.

मग त्याने मेव्हिसचा दंड धरला आणि क्लिफर्ड कुठे आहे म्हणून विचारलं. क्लिफर्ड गर्दीच्या मागे उभा होता. सकाळीच जळण घालून आलोय, वाफ असेल अजून, असं तो आपणहूनच म्हणाला. तिघं शेतातल्या पायवाटेने निघाली. पाऊस भुरभुरत होता. अ‍ॅम्ब्रोजच्या चालीने जायचं म्हणजे वेळ लागणार होता, पण घाई कुणालाच नव्हती.