डिस्कचा ईशान्य कोपरा

यंत्रनाथ महाराजांना या एका संगणकातून फारसं काही मिळणार नव्हतं. पण तळवड्यातल्या त्या गल्लीत अठरा कारखाने होते, प्रत्येकात निदान एक संगणक, आणि प्रत्येक संगणकाची दरसाल ‘यंत्रशांती’! हा हिशेब डोक्यात पक्का होता, म्हणून उद्धवरावांच्या शेडमध्ये जमलेली गर्दी बघून महाराजांनी डोळे आणखी भक्तिभावानं मिटले.

उद्धवरावांचा जीव मात्र या एकाच संगणकात अडकला होता. चाकणच्या कंपनीला सोमवारी द्यायच्या सुट्या भागांची ड्रॉइंग आणि मशीनचे प्रोग्राम सगळे त्यातच. प्रोग्राम नाही तर माल नाही, आणि माल नाही तर गिऱ्हाईक कायमचं गेलं. दुसरी प्रत? ती काढायची राहूनच गेली होती.

घोटाळा महाराजांच्याच सल्ल्यानं झालेला. “बरकत हवी तर संगणकाचीही वास्तू बघा. डिस्कचा ईशान्य कोपरा वेगळा काढून रिकामा ठेवा. गुरुवारीच करा, शुभ दिवस!”

उद्धवरावांचा मुलगा स्वानंद वाकडला आयटी कंपनीत. वडिलांचा मान राखून त्यानं गुरुवारी डिस्कचे दोन भाग करायला घेतले. गुरुवारी या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी असते आणि दुरुस्तीसाठी वीज जाते, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक. पण मुहूर्तापुढे ते आठवलं कुणाला? काम अर्ध्यात असताना वीज गेली. परत आली तेव्हा संगणकाला स्वतःची डिस्कच सापडेना.

“कोपरा चुकला,” महाराजांनी फोनवरच निदान केलं, आणि शनिवारी शिष्यांसह हजर झाले.

संगणकाचा पडदा आणि कीबोर्ड यांच्यावर भगवं वस्त्र पडलं. पेन ड्राइव्ह लावतात तिथं महाराजांनी लिंबू-मिरचीची जुडी खोचली.

“रीस्टार्ट म्हणजे काय, भक्तांनो? पुनर्जन्म!”

बटण दाबलं गेलं. महाराजांचे हात वस्त्राखाली गेले.

“आता गुप्त मुद्रा!” शिष्य ओरडला.

“मुद्रा खटखट वाजतात की रे,” चारुलता भावाच्या कानात म्हणाली. उद्धवरावांची ही थोरली मुलगी शाळेत संगणक शिकवायची.

“ताई, गप्प बस ना.”

“आणि डिस्कची तबकडी मिनिटाला हजारो गरके घेते. तिचा ईशान्य कोपरा कुठला, ते तरी विचारलंस?”

“अण्णांपुढे कोण विचारणार?” स्वानंदनं मान खाली घातली.

मंत्र कधी घाईत, कधी रेंगाळत चालला होता. मध्येच महाराज वस्त्राखाली डोकावत आणि मंत्राचा वेग बदलत. अखेर त्यांनी वस्त्र ओढलं. पडद्यावर सगळी ड्रॉइंग जागच्या जागी! गल्ली टाळ्यांनी दणाणली. उद्धवराव थेट पायांवर.

“अण्णा, उठा. आधी प्रत, मग प्रसाद,” म्हणत चारुलतानं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग शाळेचा एक जुना लॅपटॉप टेबलावर ठेवला. “महाराज, याच्याही डिस्कवरच्या भागांची नोंद मी मुद्दाम पुसलीय. पुनर्जन्म द्या. फक्त लिंबाशिवाय.”

“लिंबाशिवाय शक्ती उतरत नाही, माते.”

“मग लिंबूच बघू.” तिनं जुडी उपसली आणि मशीनवर काम करणाऱ्या ज्योतीरामच्या हातात दिली.

“आयला!” ज्योतीराम म्हणाला. “लिंबाला गरच न्हाई. आत पेन ड्राइव्ह हाय!”

चारुलतानं तो लॅपटॉपला लावला. मंत्र नाही, मुद्रा नाही. ज्योतीरामचा चहा संपायच्या आत नाहीशा झालेल्या फायली परत दिसू लागल्या.

“सोसायटीच्या दारातला नावांचा फलक पडला, तर माणसं फ्लॅटमधून नाहीशी होतात का?” तिनं विचारलं. “वीज गेली तेव्हा डिस्कचा फक्त फलक पडला होता. हा प्रोग्राम दार वाजवत फिरतो, कोण कुठं राहतं ते बघतो आणि फलक पुन्हा लिहितो. इंटरनेटवर फुकट मिळतो.”

“पण काम तर झालं ना?” महाराज चिडले.

“झालं की! काम प्रोग्रामनं केलं, नमस्कार तुम्ही घेतलेत. मंडळी, काम झालं का एवढंच विचारू नका, कसं झालं तेही विचारा. जो सांगायचं टाळतो, त्याच्या हाती आपलं यंत्र देऊ नका. आणि प्रत काढून ठेवा. दर वेळी नुसत्या फलकावर निभावेलच असं नाही.”

महाराजांनी निघताना पेन ड्राइव्ह तेवढा मागून घेतला. अठरा कारखाने मात्र इथंच राहिले.

मशीन सुरू झाली. उद्धवराव हजेरी मांडायला बसले आणि शुक्रवार-शनिवारपाशी थबकले. “दोन दिवस काम तर झालंच नाही,” ते पुटपुटले.

“आमी आलो व्हतो, मालक,” ज्योतीराम म्हणाला. “मशीन तुमी थांबवली.”

उद्धवरावांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. मग सगळ्यांची दोन्ही दिवसांची पूर्ण हजेरी लावली. श्रद्धा त्यांची होती, बिलही त्यांनीच भरलं.