घड्याळ काढून ठेवलं तेव्हा

मेघाच्या बापाला, रुपचंदला, आरडाओरडा करायची सवय नव्हती. फैजपूरजवळच्या त्यांच्या गावात बाकीचे बाप शिव्या देत, ताटं भिरकावत. रुपचंद गप्प व्हायचा. कधी दुपारभर, कधी दोन-दोन दिवस. मग मनगटावरचं घड्याळ काढून फळीवर ठेवायचा, दाराला कडी घालायचा आणि बायकोला, मंदाबाईला, बैलाच्या कासऱ्यानं झोडपायचा. तिचा दात पडला, बोट वाकडं झालं, तरी त्याच्या तोंडून शब्द नाही. घरातलं बोलणं थांबलं की मार जवळ आला, एवढं मेघा शाळेत जायच्या आधीच शिकली.

लग्न होऊन ती धुळ्याला देवपुरात आली. नवरा नवल मोटार वाइंडिंगचं काम करायचा. त्याच्या घरची तऱ्हा निराळी. आईबापाचं बिनसलं की अबोला. पोरांकरवी निरोप चालायचे, आणि चारआठ दिवसांनी एकानं दुसऱ्यापुढे चहा ठेवला की मिटलं. हात कुणी उगारला नाही. म्हणून राग आला की नवल तोंड मिटायचा. त्याच्या लेखी तो चांगुलपणा होता. मेघा मात्र त्याच्या मागेमागे फिरायची.

"बोला ना काहीतरी. शिव्या द्या हव्या तर."

"काही झालं नाही," म्हणून तो आणखी मिटायचा.

एका शनिवारी ती पाहुण्यांदेखत म्हणून गेली, "यांच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं." तेव्हापासून नवल बोलला नाही. रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात खाली बसून लोखंडी खलात लसूण-मिरची कुटत होती. नवल आत आला. घड्याळ सोडून त्यानं फळीवर ठेवलं आणि तिच्या डोक्यावरून हात लांबवला.

मेघा उठली ती बत्त्यासकटच. पहिला घाव भुवईवर बसला, दुसरा त्यानं आडव्या धरलेल्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो मांडणीवर कोसळला, भांडी खणाणत खाली आली. त्यानं तिचं मनगट धरलं तर तिनं त्याच्या दंडात दात रोवले. त्यानं सोडल्यावर ती कोपऱ्यात गेली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून बसली.

"तोंडावर मारू नका," ती पुटपुटत होती. "लोक विचारतील."

हे मंदाबाईचं वाक्य होतं.

भुवईचं रक्त नवलच्या डोळ्यात ओघळत होतं. "मेघा," तो म्हणाला, "मी चहाचा डबा घेत होतो गं."

दवाखान्यात त्याची आई ताईबाई रडत होती. "आमना घरमा आजलोंग कोन्ही कोनावर हात उचला नही." जिन्यावरून पडला असं सांग, असंही ती त्याच्या कानात म्हणाली. नवलनं डॉक्टरांना खरं तेच सांगितलं.

निरोप मिळाल्यावर दुपारनंतर रुपचंद मंदाबाईला घेऊन आला. कुणाशी न बोलता त्यानं मेघाचे केस धरले आणि तिचं कपाळ पलंगाच्या लोखंडावर आदळलं. मंदाबाई दाराशी उभी होती, खाली मान घालून. दुसऱ्यांदा आदळणार तोच नवलनं धड असलेल्या हातानं त्याची गचांडी धरली. "सोडा तिला, मामा. सोडा, नाहीतर गळा दाबीन." आपला मुलगा ओरडू शकतो, हे ताईबाईला त्या दिवशी कळलं. रुपचंदनं केस सोडले.

डावा डोळा पुरता सुधारला नाही. त्या बाजूनं नवलला आता अंधुक दिसतं. प्लास्टर निघालं त्या दिवशी तो मेघासमोर बसला.

"मला तुझा राग आलाय," तो शेवटी म्हणाला. "शनिवारच्या बोलण्याचा. डोळ्याचासुद्धा."

तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"मग आता काय करणार?"

"बोलणार. मग तू बोल."

मेघा उठली. स्टूल उचलून तिनं उघड्या दाराजवळ ठेवलं, अंगणात पळता येईल असं, आणि बसली.

"बोला," ती म्हणाली.