डॉमिनिका माहात्म्य

"जावई म्हणजे नारायण, सुमन. अधिक महिन्यात त्याला तेहतीस अनारसे द्यायचे, वर दिवा लावून. नारायण कुठून आला, कसा दिसतो, ही चौकशी आपण करायची नसते."

सुमनच्या आईने हे बजावलं तेव्हा डॉमिनिका नावाचा देश असतो, हे त्या माउलीच्या गावीही नव्हतं. सुमनच्याही नव्हतं. मग तिच्या लेकीने, तनूने, ब्रिस्टलमध्ये ऑल्विनशी रजिस्टर लग्न केलं. ऑल्विन विमानांच्या इंजिनांवर काम करायचा, मूळचा डॉमिनिकाचा होता आणि सासूला फोनवर "नमस्कार आई" म्हणायचा. सासऱ्यांनी फोन कधी घेतलाच नाही.

"ज्याचा देश मला नकाशावर सापडत नाही, त्याला माझ्या घरात पाटावर बसवणार नाही," लंडनजवळच्या स्लाऊच्या डॉक्टर शशिधरांनी, म्हणजे सुमनच्या नवऱ्याने, जाहीर केलं.

"आणि सापडला तर?"

"तर मी स्वतः जाईन स्टेशनवर आणायला. शब्द आहे माझा."

नकाशा त्यांनी उघडलाच नाही, त्यामुळे शब्द अगदी सुखरूप होता.

२००४चा अधिक श्रावण लागला. सुमनने तांदूळ भिजत घातले आणि शेवटच्या रविवारचं आमंत्रण तनूला परस्पर देऊन टाकलं. आता डॉक्टरांचं काय करायचं?

त्यांच्या घरात एक नेम होता. अधिक महिन्यात डॉक्टर सर्जरीतून, म्हणजे दवाखान्यातून आले, की सुमन पोथीचा अध्याय वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मध्ये उठायचं नाही. यंदा सुमनने खरा अध्याय पहाटे देवापुढे वाचला आणि संध्याकाळी पोथीच्या लाल फडक्यात लायब्ररीचं पुस्तक गुंडाळून आणलं. देवाला तिने फसवलं नाही. नवऱ्याला फसवलं, पण त्याला कुठल्याच पोथीत प्रायश्चित्त नव्हतं. तिने शोधलं होतं.

"तया बेटी नद्या किती? वर्षाचे दिवस जितके, तितक्या नद्या, ऐसें लोक बोलती," तिने सूर लावला.

"वा," डॉक्टर पुटपुटले. "रोज नव्या नदीत स्नान."

दुसऱ्या दिवशी डोंगरातलं उकळतं तळं आलं.

"नरकाचं वर्णन दिसतंय."

"नाही हो. लोक तिथे सहलीला जातात."

"कलियुग!"

मग झेंड्यावरचा जांभळ्या छातीचा पोपट आला. डॉक्टरांनी गरुड समजून हात जोडले.

आठव्या दिवशी मात्र पंचाईत झाली. "डोंगरातली कोंबडी म्हणोनि लोक जे भक्षिती, तो बेडूक जाणावा."

डॉक्टरांचा एक डोळा उघडला. "बेडूक? पोथीत?"

"आता मारायला बंदी आहे. संपत आलेत बिचारे."

"मग ठीक." डोळा मिटला.

सुमन कांदासुद्धा न खाणारी. त्या दिवशी तिने जपाची एक माळ जास्त ओढली, अर्धी बेडकांसाठी, अर्धी जावयासाठी.

शेवटच्या शनिवारी परराष्ट्र संबंधांचा अध्याय होता. "मग फ्रेंच आले, मग इंग्रज, मग फ्रेंच, मग पुन्हा इंग्रज. आधीपासून राहणाऱ्या कॅरिब लोकांना कोणी विचारिलें नाही. अठ्ठ्याहत्तरीं राज्य स्वतंत्र जाहलें. तैवानशी वीस वर्षांचं सख्य होतें, तें यंदा मार्चमध्ये मोडोनि चीनशी जोडिलें. चीन क्रीडांगण बांधोनि देणार..."

दोन्ही डोळे उघडले. "सुमन. पुराणात तैवान?"

सुमनने शांतपणे फडकं सोडलं, लायब्ररीचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि घरातला अॅटलास पुढे सरकवला. "हे बघा. माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकलं जातं. कोलंबसाला रविवारी दिसलं, म्हणून रविवारचंच नाव दिलं. आणि ते दोघं उद्या, रविवारीच, येतायत. अकरा चाळीसची गाडी."

"महिनाभर तू मला..."

"खरी पोथी पहाटे वाचली. देवाची तक्रार नाही."

"हे लोक आपले कोण, सुमन?"

तिने नैवेद्याचं केळं उचलून त्यांच्या हातात दिलं. एरवी ती त्यावरचा स्टिकर काढून टाकायची, आज तसाच ठेवला होता. "वाचा, विंडवर्ड बेटं. त्यात डॉमिनिकाही आलं. वीस वर्षं सत्यनारायणाच्या प्रसादात हीच केळी कुस्करतोय आपण. देवाने कधी पासपोर्ट मागितला?"

"देव काय, काहीही खातो."

"आणि नारायण सावळाच असतो हो. तुम्हीच सगळ्यांपेक्षा मोठ्याने मेघश्याम म्हणता."

डॉक्टर केळं घेऊन उठले आणि वरच्या खोलीत गेले. दार लागलं. संपलं, सुमनला वाटलं. तिने टॅक्सीवाल्याचा नंबर फ्रीजवर लावून ठेवला.

रविवारी अकराला ती अनारसे तळत होती. खसखशीची बाजू वर, उलटायचे नाहीत, तुपावरून नजर हलवायची नाही. तरी तिला बाहेरच्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला. मग बुटांचा ब्रश. मग किल्ल्या, मुठीत दाबून धरलेल्या.

"अहो?"

शेवटचा अनारसा निथळायला ठेवून ती बाहेर आली. अॅटलास टेबलावर उघडा होता. निळ्या समुद्रात, नेमक्या डॉमिनिकावर, केळ्याचा स्टिकर चिकटवलेला होता. बेट त्याखाली पार गडप झालं होतं.

खिडकीतून दिसलं, डॉक्टर ऐन ऑगस्टात टाय लावून गाडी रिव्हर्समध्ये हळूहळू काढत होते.