एक वाजता दाब कमी येतो

मंत्र्यांचं तोंड उघडं होतं ते उघडंच राहिलं. एक वाजून चार मिनिटं झाली होती.

"सर, बॉक्स बंद करून परत चालू केलात का?" हेल्पलाइनवरच्या मुलीनं विचारलं.

"केला."

"मध्ये तीस सेकंद थांबलात?"

"चाळीस थांबलो."

"तीसच थांबायचं असतं, सर."

काटेसाहेबांनी टीव्हीखालच्या त्या काळ्या, साबणाच्या वडीएवढ्या डब्याकडे पाहिलं. दहा सेकंदांनी नाराज होणारी वस्तू त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात पस्तीस वर्षं ते मीटर तपासनीस होते. नळ बंद असताना मीटरचा काटा केसभर जरी हलला तरी त्यांचं जेवण जात नसे, म्हणून खात्यानं हे नाव त्यांना दिलं आणि निवृत्तीच्या वेळी परत घ्यायला विसरलं.

"मॅडम, हा डबा फक्त एकच्या बातम्यांना अडकतो," ते म्हणाले. "सकाळी नाही, संध्याकाळच्या मालिकांना नाही. एक ते दीड."

"त्या वेळी लोड असेल, सर."

"कोणाचा?"

"म्हणजे... जनरल लोड."

जनरल लोड नावाचा माणूस काटेसाहेबांनी उभ्या नोकरीत पकडला नव्हता. पाणी कमी येतं याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता: ते दुसरं कोणीतरी घेतंय.

पडद्यावर मंत्री अजून आ वासून होते. खाली उजव्या कोपऱ्यातल्या गोलात, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी खुणांनी बातम्या सांगणारी मुलगी होती. काळा शर्ट, कापलेले केस, आणि छातीपाशी एक हात, पुढे काय ते सांगायचं राहून गेल्यासारखा. मंत्री दिवसभर अडकले असते तरी काटेसाहेबांची हरकत नव्हती. ती मुलगी त्यांची होती.

तीन वर्षांपूर्वी तिनं पाणी खात्यातलीच नोकरी सोडली, कायम झाल्यानंतर सोडली, आणि ही खुणांची भाषा शिकून तेच काम करायचं ठरवलं. "हातवारे करून कोणाचं पोट भरलंय?" असं काटेसाहेब म्हणाले होते. "जायचं तर जा, पण रडत परत येऊ नकोस," असं तिची आई म्हणाली होती. मुलगी आज्ञाधारक निघाली. रडत परत आली नाही. तशीही आली नाही. घरात तिचं नाव निघणं आपोआप बंद झालं.

आठ महिन्यांपूर्वी रिमोटचं चुकीचं बटण दाबलं गेलं आणि ती अचानक कोपऱ्यात दिसली. ही एकची बातमीपत्रंच तेवढी खुणांसकट असत, तीही थेट; नंतर शोधून सापडत नसत. तेव्हापासून त्यांनी दुपार चुकवली नव्हती. बायकोला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. पोट कोणाचं भरलंय हे विचारणाऱ्यानं रोज अर्धा तास टक लावून बघावं, हे शोभलं नसतं.

"रोज त्याच त्या बातम्या काय बघता?" बायकोनं एकदा विचारलं होतं.

"धरणाची पातळी सांगतात."

"निवृत्त झालात ना?"

"मी झालो. धरण नाही झालं."

एकला पाच कमी असताना बायको नेहमीप्रमाणे पाठ टेकायला गेली आणि दार लावून घेतलं.

संशय प्रथम कंपनीवर गेला, पण कंपनी सगळ्यांनाच सारखी वाईट वागवते असं शेजारच्यांकडून कळलं. मग तो जिना चढून वरच्या मजल्यावर, शिलाईचं काम करणाऱ्या बाईंपाशी थांबला. तिथे पुरावा होता. दीड वर्षापूर्वी या टेलरबाईंचं इंटरनेट बंद पडलं तेव्हा काटेसाहेबांच्या बायकोनं त्यांना घरचा पासवर्ड दिला होता. "एक दिवसापुरता." मुख्य लाइनवर एक दिवसापुरतं कनेक्शन घेऊन दुसऱ्या दिवशी स्वतःहून तोडणारा माणूस काटेसाहेबांनी पाहिला नव्हता. शिवाय बाई एक वाजता घरीच असत आणि नेमकं तेव्हाच त्यांचं मशीन थांबे. इतका वेळ घरघरणारं मशीन एक ते दीड का थांबावं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी खात्याची चाचणी लावली. चोरी पकडायची तर घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटरसमोर बसायचं. काटा फिरला की समजायचं. एक वाजून पाच मिनिटांनी त्यांनी टीव्ही बंद केला, डब्याची पिन काढली, स्वतःचा फोन बंद केला आणि कपाटावरच्या राउटरसमोर स्टूल टाकून बसले. राउटरचा हिरवा दिवा भराभरा लुकलुकत होता. घरातला एकही नळ चालू नव्हता आणि पाणी धो धो चाललं होतं.

बायकोचा फोन त्यांनी मोजला नाही. बायको झोपली होती, आणि झोपलेल्या माणसाचा त्यांनी कधी पंचनामा केला नव्हता.

हेल्पलाइनच्या मुलीला विचारत विचारत त्यांनी पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड म्हणून निवृत्तीच्या दिवशी तपासलेल्या शेवटच्या मीटरचा नंबर घातला. तो जगात कोणालाही सुचला नसता.

तीन दिवस चित्र काचेसारखं आलं. मुलगी वाकली, हसली, भुवया उंचावून प्रश्न विचारून गेली, हाताची बोटं पसरून तिनं काहीतरी सांडून दाखवलं. डाव्या मनगटावर नवं घड्याळ होतं. इतके दिवस ती तुकड्यातुकड्यांनी दिसत होती; सलग बघितल्यावर ती जरा वाळल्यासारखी वाटली. काटेसाहेबांनी वरच्या मजल्याकडे पाहून समाधानाचा एक आवाज काढला.

पहिल्याच दिवशी बायको पाच मिनिटांत खोलीबाहेर आली होती. हातात फोन.

"नेट गेलंय का?"

"छे. झकास चाललंय. तुला काय करायचंय नेट?"

"मला काय करायचंय," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती पावणेएकला चपला घालू लागली. "वर जाऊन येते. उशांचे अभ्रे शिवायला टाकलेत."

चौथ्या दिवशीही अभ्रेच. घरात उशा चार होत्या. काटेसाहेबांचं डोकं चालू लागलं. चोर बाहेर असतो तेव्हा लाइन तोडता येते. चोराला घरातूनच कोणी पाणी पुरवत असेल तर? मीटरचा नंबर बायकोला माहीत नव्हता. पण दीड वर्षापूर्वीचा पासवर्डही तिनंच दिला होता. संशय हा असा प्राणी आहे की त्याला एकदा जिना दाखवला की तो उतरायलाही शिकतो.

धाड चोरी चालू असताना घालायची असते. एक वाजून सात मिनिटांनी, मुलगी पडद्यावर असताना, त्यांनी टीव्ही तसाच सोडला आणि ते वर गेले.

टेलरबाईंनी दार उघडलं. गळ्यात टेप, ओठांत टाचणी. ती काढून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "या साहेब. वहिनी आतच आहेत."

"तुमचं इंटरनेट कोणाचं?" काटेसाहेबांनी उंबऱ्यातच विचारलं.

"माझंच. दीड वर्ष झालं घेऊन. का, तुमचं बंद पडलं का? पासवर्ड देऊ? वहिनींनी दिला होता तेव्हा माझी केवढी सोय झाली."

बाईंच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं. थांबलेलं मशीन, कापडांचा ढीग, मशीनच्या पत्र्यावर दोऱ्याच्या रिळाला टेकवून ठेवलेला फोन. समोर स्टुलावर त्यांची बायको, दाराकडे पाठ करून. फोनवर मंत्री होते. कोपऱ्यात काळा शर्ट होता. बायकोचे हात मांडीवर होते आणि ते हलत होते. अगदी थोडे. कोपऱ्यातली मुलगी जे करी ते एक क्षण उशिरानं, लहान आकारात.

"आधी खालीच बघायच्या झोपायच्या खोलीत," टेलरबाई कुजबुजल्या. "आठ-नऊ महिने झाले असतील. आता म्हणतात, फोन बिघडलाय. मीही मशीन बंद ठेवून बघते. आम्ही तिच्याकडूनच शिकतोय जरा जरा. तुम्ही नाही बघत?"

"मी धरणाची पातळी बघतो."

"हां. तीही सांगते ती."

काटेसाहेब फोनवर पाऊसपाण्याच्या बातम्या लागेपर्यंत बायकोच्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "अभ्रे झालेत का, विचारायला आलो होतो."

"कसले अभ्रे?"

"काही नाही," असं म्हणून ते आवाज न करता जिना उतरले. खाली बातम्या संपत आल्या होत्या. पस्तीस वर्षांत चुकीच्या घराचं पाणी तोडल्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि घर त्यांचंच होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला. "पासवर्ड बदललाय मी."

"बरं."

"तुझ्या फोनात घालून देऊ?"

"मला काय करायचंय."

ताटं उचलली गेली. पावणेएक झाले. बायको दारापाशी चपला शोधू लागली.

"इथेच बस की," काटेसाहेब रिमोटकडे बघत म्हणाले. "एकाच टीव्हीवर दोघांनी बघितलं तर लोड येत नाही. हेल्पलाइनवालीनं सांगितलंय."

बायको वळली. तिनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते रिमोटची बॅटरी काढून परत बसवू लागले.

"हेल्पलाइनवालीनं सांगितलं?"

"तिनंच."

"आणि काय सांगितलं तिनं?"

"अभ्रे पुरे म्हणाली."

बायकोनं चपला जागेवर ठेवल्या. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली, पाठ न टेकता, परक्याच्या घरी बसल्यासारखी. एक वाजला. बातम्यांचं संगीत वाजलं, निवेदकानं नमस्कार केला आणि कोपऱ्यातला गोल उघडला.

गोलात एक तरुण होता. बारीक मिशीचा, निळ्या शर्टातला. हात जोमात चालले होते.

मंत्री आले, गेले. एका रस्त्याचं उद्घाटन झालं. चित्र एकदाही अडकलं नाही.

"रजा असेल," बऱ्याच वेळानं बायको म्हणाली.

"असेल."

"काल घसा धरल्यासारखी वाटत होती."

"हातांच्या कामात घशाचं काय?"

"चेहऱ्यावर दिसतं."

काटेसाहेबांनी कालचा चेहरा आठवून पाहिला. काल ते जिन्यात होते.

पडद्यावर आता पाऊसपाण्याचं चाललं होतं. तरुणानं दोन्ही हातांनी भराभर काहीतरी खाली आणलं आणि लगेच पुसून टाकलं.

"हा फार घाई करतो," काटेसाहेब म्हणाले.

"हो," बायको म्हणाली. "तिचं कसं, एकेक सुटं सुटं कळतं."

मग धरणाची पातळी आली. बायकोनं मांडीवरचे दोन्ही हात उचलले आणि सावकाश, एकावर एक आडवे धरून, वरचा हात जरासा वर नेला. काटेसाहेबांनी रिमोट बाजूला ठेवला.

"परत कर बघू," ते म्हणाले.